लढाईनंतरची कचेरी : वर्धेच्या या काठावरून



वणीहून चंद्रपूरच्या वाटेला लागलो की वर्धा नदीच्या पुलावर आपला यवतमाळ जिल्हा संपतो. कळंबहून देवळीमार्गे वर्ध्याला निघालो तरी तीच नदी आडवी येते आणि पलीकडे दुसरा जिल्हा सुरू होतो. नदी हीच सीमा असणार हे आपण इतके गृहीत धरून चालतो की ही सीमा कुणीतरी, कधीतरी बसून ठरवली असेल, हा विचार सहसा मनात येत नाही. पण ती ठरवली गेली, आणि तारीखही आपल्याला ठाऊक आहे. १७ डिसेंबर १८०३. अचलपूरजवळ देवगावच्या छावणीत नागपूरकर भोसल्यांचा वकील यशवंतराव रामचंद्र आणि इंग्रजांचा मेजर जनरल आर्थर वेलस्ली यांच्यात तह झाला. त्या तहाच्या एका कलमाने वर्धेच्या पश्चिमेचा जवळजवळ सारा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. वणी, केळापूर, राळेगाव, यवतमाळ ही गावे त्या कलमात नावानिशी नाहीत. पण ती गेली.

आज मला बोलायचे आहे ते लढाई संपल्यानंतरच्या सेनापतीबद्दल. लढाईतला सेनापती आपल्याला चांगला परिचयाचा आहे. बखरींपासून शालेय पुस्तकांपर्यंत सगळीकडे तो घोड्यावर बसलेला असतो. तो घोड्यावरून उतरतो, तंबूत मेजाशी बसतो, खलिते वाचतो, वकिलांना भेटतो, मेजवान्या देतो आणि घेतो, थकलेल्या पगारांचे हिशेब ऐकतो. तेथून पुढे आपले लक्ष उडते. मला वाटते, आपल्या जिल्ह्याच्या इतिहासापुरते तरी हे लक्ष उडणे फार महागात पडले आहे. कारण यवतमाळचे नशीब ज्या तीन प्रसंगी बदलले, त्या तिन्ही वेळी ते लष्करी माणसांच्या कचेरीत बदलले. पहिला प्रसंग १८०३ चा, दुसरा १८१८ चा आणि तिसरा १८५३ चा. पहिल्या प्रसंगातला वेलस्ली. दुसऱ्यातला जॉन माल्कम, वेलस्लीचा जिवलग मित्र. तिसऱ्यातला कर्नल जॉन लो, जो तरुणपणी याच माल्कमच्या हाताखाली घडला. पन्नास वर्षांत एकाच्या तंबूतून दुसऱ्याच्या तंबूत लढाईनंतरच्या कचेरीची ही विद्या उतरत गेली, आणि प्रत्येक वेळी तिचे टोक वर्धा नदीपाशी येऊन टेकले.

आधी १८०३ पूर्वीचा वऱ्हाड कसा होता ते थोडे पाहू. इथे दोअमली होती. निजामाचा अंमल नावाने होता आणि भोसल्यांचा वसुलीने. एकाच परगण्यात दोघांचे अंमलदार, एकाच पाटलाकडे दोघांचे तगादे. वसुलीतला मोठा वाटा भोसल्यांकडे जाई. ही व्यवस्था सुखाची होती असे मी म्हणणार नाही. पण तिच्यात एक गोष्ट होती. नदी ही भिंत नव्हती. वर्धेच्या अलीकडे आणि पलीकडे नागपूरच्या भोसल्यांचा शिक्का चाले, आणि गावकऱ्याला फिर्याद घेऊन जायचे तर नागपूरची दिशा दोन्ही काठांवरून खुली होती.

२३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांविरुद्ध असईची लढाई झाली. आज ते गाव जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात आहे. वेलस्ली जिंकला, पण त्याच्या साडेनऊ हजारांच्या फौजेतले दीड हजारांहून अधिक लोक मेले वा जायबंदी झाले. पुढचे कित्येक दिवस त्याने जे केले ते सगळे कचेरीचे काम. जखमींना डोल्यांतून अजिंठ्याला न्यायचे, तिथे इस्पितळ लावायचे, डोल्या कमी पडतात म्हणून लिहायचे, बैल कमी पडतात म्हणून लिहायचे, धान्याचे भाव विचारायचे. त्याचा पत्रव्यवहार पुढे छापला गेला आणि तो चाळताना माझ्या मनावर सर्वांत मोठा ठसा उमटला तो बैलांचा. इतका बैलांविषयी लिहिणारा सेनापती मी दुसरा वाचला नाही. या देशात फौज बैलांवर चालते हे त्याला म्हैसूरच्या लढायांत कळले होते आणि ते तो विसरला नाही. आमचे सरदार पराक्रमात कमी नव्हते. पण बैलाचा चारा आणि शिपायाचा रोजमुरा ही सेनापतीच्या स्वतःच्या हस्ताक्षरातली बाब आहे असे आमच्याकडे किती जणांना वाटले असेल?

२९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेला अडगावची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. गडाचा डोंगर तोफांसह वळसा घालून चढणे हे अवघड काम होते, पण आज तो विषय नाही. आपला विषय गड पडल्यानंतरच्या दोन दिवसांचा आहे.

तहाच्या वाटाघाटी आधीच सुरू झाल्या होत्या. यशवंतराव रामचंद्र छावणीत येऊन बसले होते. बोलणी लांब चालत. युद्ध आधी कुणी सुरू केले यावर वाद झाला, नुकसानभरपाई कुणी कुणाला द्यायची यावर झाला. अशा भेटी त्या काळच्या रिवाजाने होत. कुशल विचारायचे, एकमेकांच्या धन्यांच्या प्रकृतीची चौकशी करायची, मग मुद्द्यावर यायचे, आणि उठताना पानसुपारी, अत्तरगुलाब. वेलस्लीने हे रिवाज टाळले नाहीत. त्याच्याजवळ दुभाष्या म्हणून चोवीस वर्षांचा एक मुलकी अधिकारी होता, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. फारसी त्याला चांगली येत होती, मराठी तो शिकत होता. पहाटे नगारा झाला की कूच, वाटेत ससा उठला तर त्यामागे घोडी, मुक्कामावर आल्यावर जनरलच्या मेजावर सगळ्यांची न्याहारी, आणि मग दिवसभर लिहिणे. छावणीचा हा क्रम त्याच्या पत्रांतून दिसतो. त्या न्याहारीच्या मेजावर जे बोलले जाई त्यातून पुढची पिढी घडत होती. हाच एल्फिन्स्टन तहानंतर नागपूरला रेसिडेंट म्हणून गेला, पुढे पुण्याला आला, आणि १८१८ नंतर पेशवाईच्या मुलखाची घडी त्यानेच बसवली. युद्धानंतरच्या एका तंबूतल्या न्याहारीचा हिशेब मांडायचा तर तो इतक्या लांबवर जातो.

आता तहाच्या कलमांकडे. भोसल्यांनी कटक प्रांत, बालासोर बंदरासह, कंपनीला द्यायचा. निजामासह ते जिथे वसूल घेत होते तो सगळा मुलूख आणि वर्धेच्या पश्चिमेचे जे काही त्यांच्या ताब्यात असेल ते सोडायचे. भोसल्यांच्या राज्याची पश्चिम सीमा म्हणजे वर्धा नदी, डोंगरातून बाहेर पडल्यापासून गोदावरीला मिळेपर्यंत. नर्नाळा आणि गाविलगड हे दोन किल्ले आणि त्यांच्या पायथ्याचा चार लाखांचा मुलूख मात्र भोसल्यांकडे राहायचा. वणी तालुक्याच्या टोकाला उभे राहून पाहणारा माणूस लगेच विचारील की पैनगंगा येऊन मिळते, पुढे वैनगंगा मिळते, मग प्राणहिता होते, आणि ती गोदावरीला जाते. तहात इतका तपशील नाही. तहाला एक ठळक रेघ हवी होती आणि वर्धेचे पाणी ठळक होते. कटक कंपनीने घेतले ते बंगाल आणि मद्रास जोडण्यासाठी, त्यामागे मोठा हिशेब होता. वर्धेची रेघ ओढली ती मित्राला, म्हणजे निजामाला, त्याचा वाटा देण्यासाठी. एप्रिल १८०४ मध्ये हैदराबादशी वाटणीचा तह झाला आणि आपला मुलूख एकट्या निजामाचा झाला. दोअमली संपली. रयतेला विचारण्याचा प्रश्न तेव्हा कुणाच्याही मनात नव्हता, यशवंतराव रामचंद्रांच्याही नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा तह झाला. त्या वाटाघाटींसाठी माल्कम छावणीत आला होता. मग वेलस्ली मुंबईला गेला. मार्च १८०४ मध्ये तिथल्या इंग्रज रहिवाशांनी त्याला मानपत्र दिले, मेजवान्या झाल्या. कलकत्त्याच्या रहिवाशांनी हजार पौंडांची तलवार देण्याचे ठरवले. त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी दोन हजार गिनींची भेट दिली आणि तिच्यावर असईचे नाव कोरले. हे समारंभ पोकळ होते असे मला वाटत नाही. ज्यांनी एकत्र मरण पाहिले त्यांना एकत्र जेवण्याची गरज असते, आणि जिंकलेल्या सत्तेलाही आपण एक आहोत हे स्वतःला दाखवावे लागते.

पण त्याच महिन्यांत दख्खनमध्ये दुष्काळ होता. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा पुणे प्रांतातून गेल्या होत्या, १८०३ मध्ये सगळ्यांच्याच गेल्या, आणि पावसानेही साथ दिली नाही. वऱ्हाडातही १८०३ चे साल उपासमारीचे म्हणून ओळखले गेले. जिथे फौजा फिरल्या तिथली वैरण, बैल आणि बी-बियाणे फौजांनी खाल्ले. वेलस्लीच्या पत्रांत नगरच्या दुष्काळकामांचा मजकूर आहे. अंगात ताकद असेल त्याला किल्ल्याच्या आणि खंदकाच्या कामावर घ्यायचे आणि मजुरी धान्याने द्यायची, ज्यांना काम झेपत नाही त्यांना नुसते अन्न द्यायचे. हजारो माणसे त्यावर जगली. त्याच्या सगळ्या युद्धोत्तर कागदांत मला हा मजकूर सर्वांत मोलाचा वाटतो. अधिकाऱ्यांच्या भेटीवर असईचे नाव आले. नगरच्या खंदकावर जगलेल्यांची नावे कुठेच नाहीत. आणि हेही पाहिले पाहिजे की नगर कंपनीच्या हाती होते म्हणून तिथे हे काम झाले. पूर्व वऱ्हाडात, आपल्या भागात, असा कुणी कारभारी नव्हता. वाटणी झाली, पण वाटणीत मिळालेल्या माणसांना त्या वर्षी काय खायला मिळाले याची जबाबदारी कलमांत कुणावरच टाकलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट वेलस्लीच्या बाजूने सांगायला हवी. तहाचा अर्थ लावताना कंपनीच्या वरच्या वर्तुळात ओढाताण सुरू झाली. ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत द्यायचा की नाही, भोसल्यांच्या कोणत्या मांडलिकांवर आपला हात ठेवायचा, असे प्रश्न होते. गव्हर्नर जनरल म्हणजे त्याचा थोरला भाऊ, लॉर्ड वेलस्ली. भाऊ ग्वाल्हेर सोडायला तयार नव्हता. आर्थरने माल्कमला लिहिलेल्या पत्राचा आशय असा की इंग्रजांच्या शब्दावर विश्वास राहावा यासाठी मी ग्वाल्हेरच काय, सरहद्दीवरचे सगळे काही दहा वेळा सोडून देईन. सख्ख्या भावाच्या, आणि तोही वरिष्ठ असलेल्या भावाच्या, मताविरुद्ध हे लिहायला धैर्य लागते. ते रणांगणावरच्या धैर्याहून वेगळे असते, आणि मला वाटते ते अधिक दुर्मीळ असते. मात्र त्याचा शब्द राजांना दिलेला होता. रयत त्या शब्दाच्या बाहेर होती.

आता १८१८ कडे येऊ. इथे आपला जिल्हा प्रत्यक्ष रणभूमी होतो.

२० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशवा दुसरा बाजीराव सेनापतीवाचून उरला. नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी मिळायचे आणि चंद्रपूरचा किल्ला गाठायचा, या आशेने तो पूर्वेकडे आला. म्हणजे आपल्या जिल्ह्यातून वर्धेकडे. पलीकडे इंग्रजांच्या तुकड्या नदीवर बसल्या होत्या. पंधरा वर्षांपूर्वी तहाच्या कागदावर ओढलेली रेघ आता पहाऱ्याची रेघ झाली होती. एप्रिलच्या सुरुवातीला वणीजवळ मराठ्यांच्या एका तुकडीचा कर्नल स्कॉटने पराभव केला. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ सिवनीला कर्नल अ‍ॅडम्सने खुद्द बाजीरावाला गाठले. उरलेल्या तोफा गेल्या, हत्ती-उंट गेले, फौज पांगली. पेशव्यांच्या सैन्याची शेवटची मोठी वाताहत झाली ती आपल्या केळापूरच्या मुलखात. पुण्यातल्या शनिवारवाड्यावर पुष्कळ लिहिले गेले. पांढरकवड्यावर फार थोडे. कुणी यवतमाळकर विद्यार्थ्याने या मोहिमेचा एकेक मुक्काम गावोगाव फिरून नकाशावर मांडावा, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

मे महिन्यात चंद्रपूर पडले. बाजीराव वायव्येला अशीरगडच्या दिशेने निघून गेला, आणि त्याचे वकील महूला जनरल माल्कमच्या छावणीत पोहोचले.

माल्कम हा वेलस्लीहून अगदी वेगळ्या घडणीचा माणूस. दांडगा, बोलका, हसतमुख, शिकारीचा शौकीन, आणि ज्याच्याशी बोलायचे त्याच्या भाषेत बोलणारा. वेलस्लीची कचेरी कागदावर चाले, माल्कमची माणसांवर. त्याने आपला तरुण सहायक जॉन लो याला वकिलांबरोबर पुढे पाठवले, आणि १ जूनच्या संध्याकाळी तो स्वतः खेरीला बाजीरावाला भेटला. दोघांची जुनी ओळख होती. बाजीरावाने आपले दुःख सांगितले, मित्र म्हणून मदत मागितली. माल्कमने ऐकून घेतले, मान राखला, आणि मुदत दिली. ३ जूनला बाजीराव त्याच्या छावणीत आला. अटी अशा : दख्खनला कायमचे सोडायचे, गंगेकाठी राहायचे, आणि सालिना आठ लाख रुपये तनखा घ्यायचा. पंधरा वर्षांपूर्वी बाजीरावाचे भाऊ अमृतराव यांना सात लाखांवर काशीला बसवले होते, त्या व्यवहाराची आठवण माल्कमला नक्कीच असणार.

गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जला हा तनखा फार वाटला. पण माल्कमने शब्द दिला होता म्हणून त्याने तो पाळला. बाजीराव १८५१ च्या जानेवारीपर्यंत जगला. बत्तीस वर्षांहून अधिक काळ आठ लाख, म्हणजे अडीच कोटींच्या वर. कंपनीच्या हिशेबनिसांनी माल्कमला त्यासाठी दूषणे दिली. मी त्याच्या बाजूने आहे. अशीरगडाभोवती आणखी एक उन्हाळा लढाई चालली असती तर तिची किंमत व्याजासकट निमाड-खानदेशच्या शेतकऱ्याने भरली असती.

आणि शरणागतीनंतरचा आठवडा पाहा. बाजीरावाच्या तळावर अरब शिपाई होते, त्यांचे पगार थकले होते, आणि त्यांनी आपल्याच धन्याच्या तंबूला वेढा घातला. लढाई संपली तरी ज्याला पगार मिळाला नाही त्याची लढाई संपत नाही. माल्कमने तोफा लावल्या, पण गोळी न झाडता, थकबाकीची हमी घेऊन, बोलून हा वेढा उठवला. युद्धोत्तर कचेरीचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

पुढे माळव्यात माल्कमने आपला दरबार खुला ठेवला. संस्थानिक यावा, भिल्ल नाईक यावा, पाटील यावा. मध्ये कारकुनाची भिंत नको, चारी दरवाजे उघडे, अशी त्याची रीत होती आणि तिचा त्याला अभिमान होता. या भेटीगाठींतून त्याने गावांची, जातींची, वसुलीची, उजाड पडलेल्या वस्त्यांची इतकी माहिती गोळा केली की माळव्यावरचा त्याचा दोन खंडांचा ग्रंथ त्यातून उभा राहिला. इथे मला आपल्या जिल्ह्याविषयी वाईट वाटते. पेशवाईचा शेवटचा फटका पडला तो पांढरकवड्याला. पण माल्कमसारखा माणूस, चारी दारे उघडी ठेवून बसणारा, आपल्या वाट्याला आला नाही. इथे निजामाचे तालुकदार आले आणि सरकारी वसुलीचा मक्ता सावकारांच्या हातात गेला. वसुली गहाण टाकून दरबार कर्ज काढी आणि मक्तेदार ते कर्ज कुळाकडून फेडून घेई. माणसे गावे सोडून गेली. जमिनी पडीक राहिल्या.

जॉन लोचे पुढे काय झाले? त्याला गंगेकाठच्या बिठूरला नेमले, बाजीरावावर देखरेख ठेवायला. तरुण अधिकाऱ्याला हे काम सोपे नव्हते. रोज भेटायचे, सणासमारंभाला हजर राहायचे, लग्नकार्यात बसायचे, यात्रेच्या परवानग्या द्यायच्या, कोण येतो कोण जातो यावर नजर ठेवायची, आणि कलकत्त्याला लिहायचे. स्नेह आणि पहारा दोन्ही एकाच माणसाने करायचे. पुढे जयपूर, ग्वाल्हेर, लखनौ अशा दरबारांत त्याचे आयुष्य गेले. राजेरजवाडे त्याने जवळून पाहिले, त्यांच्या चुकाही पाहिल्या, आणि तरीही त्यांची राज्ये घशात घालण्याला त्याचे मन कधी राजी झाले नाही.

१८५३ मध्ये चौसष्ट वर्षांचा हा कर्नल हैदराबादला रेसिडेंट म्हणून आला. निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रजांच्या हुकमतीतली एक फौज होती, तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. तिच्या पगारापोटी चाळीस लाखांहून अधिक कर्ज झाल्याचे कंपनी म्हणत होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीला कर्जाच्या बदल्यात मुलूख हवा होता, आणि मागणी होती वऱ्हाडची. नासिरुद्दौला निजाम तयार नव्हता. लोने त्या भेटीचे सविस्तर वर्णन कलकत्त्याला लिहिले. निजाम अस्वस्थ होऊन बोलत होता. राजाला दोन गोष्टी लांच्छनास्पद, असे त्याने सांगितले : वाडवडिलांचा मुलूख विनाकारण देऊन टाकणे, आणि इमानाने लढलेल्या शिपायांना दूर करणे. लोने हे शब्द जसेच्या तसे कळवले. त्याचे मन त्या वेळी काय म्हणत असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. बत्तीस-पस्तीस वर्षांपूर्वी राज्य गमावलेल्या एका माणसाशेजारी तो बिठूरला वर्षानुवर्षे बसला होता.

पण वरून हुकूम आला होता. पुण्याहून फौजा हलणार असल्याचे पत्र रेसिडेन्सीतून दिवाणाकडे गेले, आणि २१ मे १८५३ ला तह झाला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव कंपनीच्या कारभाराखाली गेले. सही घडवून आणणारे दिवाण सिराजुल्मुल्क आठवड्याभरातच वारले, आणि त्यांच्या जागी त्यांचे चोवीस वर्षांचे पुतणे सालारजंग आले. वऱ्हाड परत मिळवण्यासाठी सालारजंगांनी मरेपर्यंत, म्हणजे १८८३ पर्यंत, खटपट केली. रायचूर आणि धाराशिव १८६० मध्ये परत गेले. वऱ्हाड गेले नाही.

लो त्याच वर्षी गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात गेला. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूर खालसा करायचे ठरवले. कौन्सिलात लोने लेखी विरोध केला. नागपूरच्या लोकांना परका कारभार नको आहे, इंग्रजांच्या शब्दावरचा भरवसा यातून जाईल, असे त्याचे म्हणणे होते. त्याचे कुणी ऐकले नाही. १८५४ मध्ये नागपूर खालसा झाले. वर्षभराच्या आत वर्धेचे दोन्ही काठ कंपनीकडे आले. एका काठाचा तह लोने करून घेतला होता, आणि दुसरा काठ घेऊ नका असे त्याने लिहून ठेवले होते.

आता नदीचे दोन्ही काठ एकाच सत्तेखाली आले, म्हणजे रेघ पुसली गेली असे वाटेल. तसे झाले नाही. पश्चिम काठ निजामाच्या नावाने घेतलेला मुलूख होता, पूर्व काठ खालसा केलेला. म्हणून दोन वेगळे कारभार चालले. पूर्वेला, नागपूर-वर्धा-चांद्याकडे, १८६० च्या दशकात मालगुजारी आली. सरकारने गावाचा मालक म्हणून मालगुजार मानला. पश्चिमेला, आपल्याकडे, मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली आणि खातेदाराशी सरकारचा थेट संबंध राहिला. एकच काळी माती, एकच कापूस, एकच भाषा, तेच सण, सोयरिकी इकडून तिकडे, आणि जमिनीचे कायदे दोन. १९५१ मध्ये मालगुजारी संपेपर्यंत हे चालले. देवगावच्या तंबूतल्या एका कलमाचे आयुष्य जवळजवळ दीडशे वर्षांचे ठरले.

आपल्या बाजूला एक तिसरी गोष्ट घडली. गावे इतकी ओस पडली होती की १८६५ मध्ये पडीक जमिनींचे नियम करून उजाड गावे इजाऱ्याने देण्यात आली. ज्याने वस्ती बसवावी, जमीन लागवडीला आणावी, त्याला इजारा. आपल्या जिल्ह्यात गावाच्या नावापुढे ‘इजारा’ लागलेली गावे आजही आहेत. जिल्ह्याचे नाव तेव्हा वणी जिल्हा होते. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वऱ्हाडचा कायमचा पट्टा निजामाकडून पंचवीस लाखांवर घेतला, पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांतांना जोडले, आणि १९०५ मध्ये आपला जिल्हा यवतमाळ या नावाने ओळखला जाऊ लागला. निजामाला न विचारता हे कधी केले नाही, असे इंग्रज अधिकारी मोठ्या कसोशीने सांगत. वणीच्या वा दारव्ह्याच्या कास्तकाराला विचारले असे मात्र कुणी सांगितले नाही, कारण ते घडले नव्हते.

तुम्ही विचाराल, या सगळ्यात सैनिकी अधिकाऱ्याचे मोजमाप कसे करायचे. मी तीन गोष्टी पाहतो. दिलेला शब्द त्याने पाळला का. हातात ताकद असताना त्याने गोळीऐवजी हिशेब आणि बोलणे वापरले का. आणि त्याच्या तंबूच्या दारातून आत कोण येऊ शकत होते. पहिल्या कसोटीवर वेलस्ली उभा राहतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कसोटीवर माल्कम. लोचे मोजमाप करताना माझी लेखणी अडखळते. १८५३ च्या मे महिन्यात ज्या दडपणाचा तो भाग झाला ते मला समर्थनीय वाटत नाही, आणि त्याचा १८५४ चा विरोध मला फार मोठा वाटतो. एकाच माणसाच्या दोन वर्षांतल्या या दोन गोष्टी आहेत आणि त्या मी एकत्रच सांगू शकतो.

शेवटी एक काम सुचवतो. या तीन सेनापतींचा पत्रव्यवहार इंग्रजीत छापलेला आहे, तो कुणालाही वाचता येतो. दुसऱ्या बाजूचे कागद मोडीत आहेत आणि त्यांतले पुष्कळसे अजून घराघरांत आहेत. वणी, दारव्हा, पुसद, उमरखेड, कळंब या भागांतल्या जुन्या देशमुख-देशपांडे घराण्यांत, पाटलांकडे, इजारदारांच्या वारसांकडे पेट्यांत कागदांचे बांधलेले रुमाल असतील. त्यांत निजामी अंमलातल्या वसुलीच्या पावत्या असतील, १८१८ च्या उन्हाळ्यात कुणाच्या फौजेने किती वैरण नेली याच्या याद्या असतील, इजाऱ्याचे पट्टे असतील. आज या सभागृहात अशा घरांतली माणसे बसली आहेत याची मला खात्री आहे. मोडी वाचणारी मुले तयार करता येतात, काही महिन्यांच्या वर्गात ती लिपी येते. महाविद्यालयाने हा वर्ग सुरू करावा, रुमाल उघडावेत, छायाचित्रे काढून मूळ कागद मालकाला परत द्यावेत. देवगावच्या तहात ज्यांना विचारले नाही त्यांनी स्वतः लिहून ठेवलेले काही सापडेल तर ते त्या रुमालांतच सापडेल. सुरुवात वणी तालुक्यापासून करावी, कारण रेघ तिथून जवळ आहे.